कागदाने धरलेला श्वास

कारंजखेडच्या गारवा केंद्रात दुपारी एक ते तीन या वेळात जुन्या मरणाच्या बातम्या ऐकवतात, आणि पुढची जागा मिळावी म्हणून लोक सकाळी दहालाच चटया टाकून जातात.

परक्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, म्हणून आधी नीट सांगते. गेली आठ-नऊ वर्षं उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पन्नाशीला टेकतो. अकराला नगरपरिषदेचा भोंगा होतो. त्यानंतर पाचपर्यंत रस्त्यावर फिरायचं नाही असा नियम आहे. ज्यांच्या घरात गारव्याची सोय नाही, म्हणजे निम्मं गाव, त्यांनी गारवा केंद्रात जाऊन बसायचं. हे केंद्र जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या दगडी इमारतीत आहे. सहा तास माणसं नुसती बसून असतात. पडद्यावरचे खेळ, भजनं, तब्येतीवरची भाषणं, सगळं करून झालं. लोक कंटाळले. मग त्यांना या बातम्या मिळाल्या.

त्याच इमारतीत मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ऑपरेटर म्हणून लागले होते. आता मला ऐंशी पूर्ण होतील.

जिथे आता हवा थंड करण्याचं यंत्र घरघरतं, तिथे माझा बोर्ड होता. गावात फोन एकशे वीस. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट बघायची. बाहेरच्या लाइनी दोनच, एक नांदेडची आणि एक सोलापूरची. लाइन आली की बोर्डावरची इवलीशी पितळी झडप पडायची आणि घंटा सुरू व्हायची. आपण दोर खोचेपर्यंत ती वाजत राहायची. माझ्या कानाला हेडफोन, गळ्यात अडकवलेला बोलायचा कर्णा. चावी पुढे ओढून म्हणायचं, "बोला, पार्टी लाइनवर आहे." दोघं बोलायला लागले की चावी मागे सारायची. ती उघडी राहिली तर आपल्याला सगळं ऐकू येतं. म्हणून भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं : बोलणे सुरू होताच चावी बंद करावी.

मी बंद करत असे. लग्न ठरलं, मुलगा पास झाला, माल पोचला, असल्या बोलण्यात मला रस नव्हता. पण पलीकडचा आवाज "जरा मन घट्ट करा" असं म्हणाला, की माझा हात चावीवरच थांबायचा. पदराचा बोळा कर्ण्यावर दाबून मी ऐकत बसायची. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. कुणाचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधी आलं नाही. झालेलं मात्र मला शेवटपर्यंत ऐकायचं असायचं. बातमी सांगून झाल्यावर आणि पहिला हंबरडा फुटण्याआधी मध्ये एक शांतता पसरते. तिच्यासाठी मी जीव मुठीत धरून थांबायची. त्या क्षणी आमच्या घरातली सगळी माणसं जिवंत आहेत, हे मला फार स्पष्ट कळायचं.

माझ्यासारखं ऐकणारी आता अख्खी सभा आहे. तेव्हा मी एकटी होते, एवढाच फरक.

*

डॉ. सान्वी गुट्टे विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवते. बत्तीस वर्षांची, कुरळ्या केसांची, बोलताना हातवारे करणारी मुलगी. दोन वर्षांपूर्वी नळासाठी एक्स्चेंजसमोर खोदलं तेव्हा जुन्या केबलचा मनगटाएवढा जाड तुकडा वर आला. तो ती घेऊन गेली. यंदा फेब्रुवारीत ती मला शोधत घरी आली. जुन्या ऑपरेटरांपैकी जिवंत मी एकटीच उरले आहे.

घरी म्हणजे आमच्या घरी, माझ्या आणि माझी मैत्रीण रजनी हिच्या. दम्याच्या मुलीला कोण करून घेणार, म्हणून माझं लग्न झालं नाही. रजनीचं झालं आणि दोन वर्षांत संपलं. पन्नास वर्षं आम्ही एका छपराखाली राहिलो. हिवाळ्यात माझा श्वास शिट्टी वाजवायला लागला की ती ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून माझ्या पाठीवरून फिरवायची आणि म्हणायची, "झाली का गाडी सुरू? कुठलं स्टेशन आलं, सांग."

सान्वी जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिने तो तुकडा आमच्यासमोर ठेवला. बाहेरून शिसं, आत तांब्याच्या बारीक तारा, प्रत्येक तारेला कागदाची पट्टी गुंडाळलेली.

"आजी, जिथे केबलला सांधा असायचा तिथे काय करायचे?"

"गरम मेण ओतायचे. ओल जाऊ नये म्हणून. लाइनमन चुलीवर डबा ठेवायचे रस्त्यातच."

"बरोबर. तेच मेण आमच्या कामाला आलं. आपण बोलतो तेव्हा तारेतली वीज कमीजास्त होते. मेण मुरलेला कागद त्यातला थोडासा भार धरून ठेवतो, अगदी नावापुरता. वरून शिशाचं कवच, त्यामुळे ओल नाही, हवा नाही. साठ वर्षं तो तसाच राहिला. आम्ही कागदाचे केसाहून पातळ थर सोलतो, सुईने वाचतो, आणि कुठला ठसा कुठल्या बोलण्याचा हे यंत्र वेगळं करतं."

"म्हणजे आम्ही त्या काळी काय काय बोललो ते सगळं?" रजनीने चहाचा कप तिच्यापुढे सरकवत विचारलं.

"नाही ना. एकदा बोललेलं इतकं पुसट असतं की सापडतच नाही. जे मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा बोललं गेलं तेवढंच उरलंय. आम्हाला आधी कळेना, सगळ्या बातम्या मरणाच्याच का? मग लक्षात आलं. चांगल्या बातमीवर माणसाचा लगेच विश्वास बसतो. वाईट बातमी मात्र तो चार-चारदा विचारतो. कोण? काय म्हणता? कोण गेलं? आणि समोरचा ओरडून ओरडून तेच सांगत राहतो."

रजनी म्हणाली, "आमच्या ह्यांनी एका सोमवारी फोन केला होता, सोलापूरहून. 'जेवण बरं मिळतंय' म्हणाले. हळू बोलायचे ते."

सान्वीने मान खाली घातली. "ते नाही मिळणार, आजी."

रजनी कप घेऊन आत गेली. तेवढ्यात सान्वी माझ्या जवळ सरकली. "तुम्हाला एक ऐकवते. कुणाला ओळखू येतंय का बघा." तिने मटारएवढी गोळी माझ्या कानात बसवली.

आधी खरखर. मग एक पुरुष सांगतोय, बस उलटली. एक बाई विचारतेय, कोण? कोण? आणि त्या दोघांच्या मध्ये, अगदी जवळ, तिसरं कुणीतरी श्वास घेत होतं. आत ओढलेला, थांबवून ठेवलेला, आणि सोडताना शेवटी बारीक शिट्टी.

"असा श्वास त्रेसष्ट बातम्यांमध्ये आहे," सान्वी म्हणाली. "साध्या बोलण्याचे जे थोडे तुकडे मिळाले, त्यांत एकातही नाही. एवढा हलका आवाज टिकायला नको, पण तोच तो सात-आठ वर्षं साठत गेलाय. पायवाट पडते तसा. केंद्रातल्या लोकांनी तर गेल्या उन्हाळ्यातच नाव ठेवलंय, श्वासवाली. मरण असेल तिथेच येते म्हणे. तुमच्या वेळी काही बोलवा होती?"

मी माझा श्वास कोंडून धरला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. मग म्हटलं, "इमारतीच्या मागे पूर्वी मसणवटा होता म्हणायचे."

असं मी ऐंशीव्या वर्षी, इतकी पुस्तकं वाचलेली बाई, सहज बोलून गेले. आठवड्याभरात ती गोष्ट गावभर झाली.

*

मार्चपासून गर्दी वाढली. आजूबाजूच्या गावांतून भोंग्याआधीच्या बसने माणसं यायला लागली. मीही एकदा जाऊन आले. शेंगा, फुटाणे, भिजवलेले हरभरे घेऊन लोक बसले होते. कुणाचा तरी बाप मेल्याची बातमी भिंतीतल्या स्पीकरमधून येत होती, आणि एसटीतून निवृत्त झालेले चंपतराव शेजाऱ्याला विचारत होते, "श्वासवाली आली का हो? का आज रजा?"

"थांबा, थांबा, ही बघा आली!"

अंधुक हॉलमध्ये दीडशे माणसांनी एकदम श्वास रोखला. माझ्या श्वासासाठी. पुढे बसलेल्या एका बाईने आपल्या लेकराला छातीशी ओढून घेतलं, पण ती उठली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं.

रजनीला मी कधी तिकडे जाऊ दिलं नाही. आपल्या घरात गारवा आहे, तुझे गुडघे दुखतात, तिथे चटईवर बसावं लागतं, काय काय सांगितलं. ती ऐकायची. एप्रिलच्या शेवटी ती केंद्राच्या दाराबाहेरच्या फळ्यावर लावलेली सूचना वाचून आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "सुलू, शुक्रवारी शोभा चिद्रवारची बातमी आहे."

मी भाजी निवडत होते. हात थांबले.

"त्याच दिवशीची," ती म्हणाली. "बावीस मार्च. तीच दुपार. त्या दिवशी लाइन किती खराब होती, ते तरी ऐकते एकदा."

*

आता मला बावीस मार्चबद्दल सांगावंच लागेल.

रजनीचा नवरा मधुकर पाटबंधारे खात्यात मोजणीदार होता. पोटाच्या ऑपरेशनसाठी तो सोलापूरच्या दवाखान्यात होता, भाऊ सोबतीला. ऑपरेशन शनिवारी ठरलेलं. रजनीची खोली एक्स्चेंजच्या मागच्याच बोळात. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी आमची एक रीत होती. फोन आला की ऑपरेटरने मागच्या खिडकीतून हाक मारायची, "रजनी, फोन!" आणि तिने ओले हात पुसत धावत यायचं. दोन मिनिटांचं काम. मधुकरला ते माहीत होतं.

गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमाराला नांदेडहून चिद्रवारांच्या कापड दुकानात फोन आला. त्यांच्या शोभाला तिथे देऊन आठ महिने झाले होते. सासरचा माणूस म्हणाला, "स्टोव्हचा भडका उडाला." चिद्रवारकाकू म्हणाल्या, "तिला बोलायला द्या." तो म्हणाला, "ती झोपलीय." काकू म्हणाल्या, "मग उठवा." मी चावी मागे सारली नाही. भडका उडाला की उडवला, हे मला ऐकायचं होतं. तो काय लपवतोय, कुठे चुकतोय, काकूंना कधी कळेल. माझ्या पदराचा बोळा घामाने भिजला होता.

तेव्हा सोलापूरची झडप पडली.

घंटा वाजत राहिली. मी झडपेकडे बघितलं. म्हटलं, हे एवढं संपू दे. असेल कुणी व्यापारी.

अकरा मिनिटांनी काकूंनी फोन खाली टाकला. मग मी सोलापूरचा दोर खोचला. तिकडची ऑपरेटर वैतागलेली होती. "काय गं, झोपली होतीस का? दवाखान्यातली पार्टी होती, तुमच्या मागच्या बोळातली कुणी रजनी हवी होती. थांबून थांबून गेला बिचारा. आत न्यायला आले त्याला."

ऑपरेशन शनिवारवरून गुरुवारी आणलं होतं. तो आतून परत आला नाही. सहा वाजता त्याच्या भावाचा फोन आला. तो मात्र मी पहिल्या घंटेला घेतला, आणि खिडकीतून हाक मारली, "रजनी, फोन!"

महिन्यानंतर भावाने तिला सांगितलं, दादा पायजम्यावरच फोनपाशी गेला होता, काहीतरी सांगायचं होतं त्याला, पण लाइन लागेना. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "त्या दिवशी लाइन फार खराब होती गं."

सत्तावन्न वर्षं ती त्या खराब लाइनवर जगली. देवाला नाही, डॉक्टरला नाही, लाइनला बोल लावायची.

*

बुधवारी मी सान्वीकडे गेले. एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत तिची प्रयोगशाळा आहे. तीच खिडकी आता काचेने बंद केलेली.

"चिद्रवारांची बातमी नको लावूस," मी म्हटलं.

"आजी, मी लावत नाहीये. त्यांची नात मागे लागलीय. सासरच्यांनी तेव्हा सांगितलं, पाच मिनिटांत संपलं सगळं. पण फोनवर तो माणूस म्हणतो, झोपलीय. म्हणजे त्या वेळी ती जिवंत होती, आणि कुणी तिला दवाखान्यात नेलं नव्हतं. आत्या गेली त्याची एवढी एकच साक्ष आहे त्यांच्याकडे. मी कोण नाही म्हणणारी?"

"मग तो श्वास तरी काढून टाक त्यातून."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "का?"

सांगता आलं असतं. ती चांगली मुलगी आहे. घरी जाऊन रजनीलाही सांगता आलं असतं. त्यासाठी माझ्याकडे अख्खा गुरुवार होता. गुरुवारी रजनीने मटकीची उसळ केली. तिची शुक्रवारची साडी खुंटीवर काढून ठेवलेली होती. मी दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा विचारलं, मीठ कमी आहे का, पंखा वाढवू का, गोळी घेतलीस का.

"अगं, काय झालंय तुला?" ती हसून म्हणाली. "मी मधूला भेटायला चालले नाहीये. लाइन ऐकायला चाललेय."

*

शुक्रवारी आम्हाला पुढे खुर्च्या दिल्या, म्हाताऱ्या म्हणून. मागे चंपतराव कुणाला तरी सांगत होते, "आजचा माल एकदम खास आहे. जळितकेस." चिद्रवारांची नात पहिल्या रांगेत हाताची घडी घालून ताठ बसली होती. तिने वळून बघितलं नाही.

दिवे मंद झाले. खरखर. मग नांदेडचा माणूस, स्वच्छ, जणू शेजारी उभा. लाइन अजिबात खराब नव्हती.

"स्टोव्हचा भडका उडाला."

"काय? कुणाचा? तिला बोलायला द्या."

आणि श्वास. मागून कुणीतरी कुजबुजलं, "आली." रजनी थोडी पुढे झुकली. तिच्या कपाळाला आठी पडली. सुरुवातीला तिला फक्त नवल वाटत होतं.

मग घंटा सुरू झाली.

पदराच्या बोळ्यातून गाळून आलेली, लांबची, पण तीच. लोकांना ती काय ते कळलं नाही. कुणी म्हणालं, देवळाची. कुणी म्हणालं, श्वासवालीच्या पायातलं काहीतरी वाजतंय. रजनी मात्र त्या खोलीत पन्नासदा येऊन उभी राहिलेली होती. बाहेरगावची लाइन आल्यावर कसली घंटा वाजते ते तिला माहीत होतं.

काकू ओरडत होत्या, उठवा तिला, उठवा. घंटा वाजत होती. श्वास जागचा हलत नव्हता. रोखलेला, सुटलेला, शिट्टी. रोखलेला, सुटलेला, शिट्टी.

माझी छाती आवळून आली. दम्याच्या पंपाकडे हात नेणार, तोच माझ्या तोंडातून तीच शिट्टी बाहेर पडली. भिंतीतून एक, खुर्चीतून एक, एकापाठोपाठ.

रजनीचा हात सवयीने माझ्या पाठीवर आला. दोनदा वर-खाली फिरला. मग थांबला. भिंतीतला श्वास सुटला, शिट्टी वाजली, आणि तिच्या तळहाताखाली माझ्या बरगड्याही तशाच खाली गेल्या.

तिने हात काढून घेतला. मांडीवर उलटा ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. घंटा अजून चालूच होती.

*

आम्ही घरी आलो. पाच वाजून गेले होते तरी फरशी तापलेली होती. ती उभ्यानेच म्हणाली,

"किती वेळ?"

"अकरा मिनिटं."

"सोलापूरची होती?"

"हो."

"तुला माहीत होतं कोण आहे ते?"

"नाही गं. शपथ, नाही. नंतर कळलं."

"नंतर म्हणजे सत्तावन्न वर्षं." तिने खुर्चीच्या पाठीला धरलं. "आणि तू काय ऐकत होतीस?"

मी खरं तेच सांगितलं. "काकूंना कधी कळतं, ते."

तिने मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यासारखी. "सहा वाजता मला हाक मारलीस. मी फोनवर बोलत होते तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं, किती कळवळतेय ही."

मग ती तिच्या खोलीत गेली. दार लावलं नाही. दार लावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती चटई घेऊन निघाली. मी विचारलं, कुठे? ती म्हणाली, "सान्वीला सांगितलंय. रोज एकदा लावणार आहे ती. चिद्रवारांची हरकत नाही." उंबऱ्यावर थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती घंटा त्याची आहे, सुलू. तो तिकडे फोन कानाला लावून उभा आहे, तोवर ती वाजतेय. अकरा मिनिटं तो जिवंत आहे. तेवढंच आहे माझ्याकडे."

त्याला महिना झाला. ती माझ्याशी भांडत नाही. जेवायला वाढते. माझ्या पाठीवरून हात फिरवत नाही.

केंद्रात आता श्वासवालीचं फारसं कौतुक उरलेलं नाही. त्या शुक्रवारी खुर्चीतून माझी शिट्टी ऐकल्यापासून ती कोण हे सगळ्यांना कळलंय. चंपतराव मला रस्त्यात बघून नजर वळवतात, आणि मग पुन्हा बघतात. लोक आता रजनीला बघायला येतात. घंटा सुरू झाली की तिचे ओठ हलतात, अगदी हळू. ती काय बोलते ते कळावं म्हणून पुढच्या चटयांसाठी सकाळी नवापासून रांग लागते.

मीही जाते. भोंग्याच्या तोंडावर, आणि दिवे मंद झाले की मागच्या दारापाशी उभी राहते. अकराव्या मिनिटाला घंटा तुटते. मग क्षणभर शांतता पसरते, आणि त्यानंतर रजनीच्या घशातून एक आवाज येतो. तो येण्याआधी आपण निघून जावं, असं रोज ठरवते. आणि रोज, ती शांतता सुरू झाली की पदराचा बोळा तोंडावर दाबून, श्वास रोखून, मी तो आवाज येण्याची वाट बघते.